अंथरूण पाहून साप पाळावा!

‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही म्हण ज्याने कुणी काढली, त्याच्या डोक्यात साप नक्कीच नसणार. सापाला कुठले आलेत पाय? पण थांबा. माझ्याकडे जी मादी आहे, तिच्या शेपटीच्या सुरुवातीला अगदी जवळून बघितलं, तर दोन बाजूंना दोन बारीक टोकं दिसतात. मोहरीपेक्षा मोठी नसतील. तिच्या पूर्वजांना कधीकाळी मागचे पाय होते, त्याची ही उरलीसुरली खूण. नरांमध्ये ती जरा ठळक असते. म्हणजे पाय आहेत, फक्त पसरण्याइतके उरलेले नाहीत! राहता राहिलं अंथरूण. तर मंडळी, आजचा सगळा विषय तोच आहे.

माझ्या या रूममेटचं नाव चकली. जात केनियन सँड बोआ, शास्त्रीय नाव एरिक्स कोलुब्रिनस. खुद्द लिनियसने १७५८ मध्ये नोंद केलेला हा साप, म्हणजे घराणं तसं जुनं आहे. पूर्व आफ्रिकेतल्या कोरड्या, झुडपी भागात राहतो. बिनविषारी, जाडजूड, आखूड, अंगावर केशरी आणि चॉकलेटी ठिपक्यांची नक्षी. मादी दोन-सव्वादोन फूट, नर जेमतेम दीड फूट. नीट ठेवला तर पंधरा-वीस वर्षं सहज जगतो, त्याहून जास्तही. अमेरिकेत हे साप पिढ्यान्‌पिढ्या घरातच जन्मलेले मिळतात, आणि इथे ‘पहिला साप’ म्हणून त्यांची बऱ्यापैकी चलती आहे. मी राहते शिकागोच्या उपनगरात. ऑफिसातून यायला रोज आठ वाजतात, कुत्र्याला लीजमध्ये परवानगी नाही आणि मांजराची मला अ‍ॅलर्जी. सापाला मात्र लीजवाल्यांनी लेखी ‘हो’ दिलं. दहा-पंधरा दिवसांतून एकदा जेवणारं, आवाज न करणारं, फिरायला न्यावं न लागणारं पेट! आणखी काय हवं?

हवं होतं ते एकच. चांगलं अंथरूण. इथे त्याला ‘सबस्ट्रेट’ म्हणतात. म्हणजे पेटीच्या तळाशी जे काही पसरायचं ते. दुकानात गेलात की त्याचा अख्खा रॅक असतो. भुसा, साली, वाळू, नारळाचा चोथा, अक्रोडाच्या कवचांचा चुरा, हिरवी गालिच्याची गुंडाळी... साडीच्या दुकानात गेल्यासारखं होतं. आणि प्रत्येक पिशवीवर सापाचा किंवा सरड्याचा हसरा फोटो! त्या फोटोवर विसंबू नका, इतकंच आधी सांगते.

दिसणार नाही, हे आधी मान्य करा

कॉर्न स्नेक किंवा बॉल पायथनसारख्या सापाला अंथरूण म्हणजे फरशी. तो त्यावर राहतो. सँड बोआला अंथरूण म्हणजे भिंती, छप्पर, बेडरूम, डायनिंग रूम सगळं. ती त्याच्या ‘वर’ राहतच नाही, ‘आत’ राहते. तिचं डोकं बघा. पाचरीसारखं, मानेपासून वेगळं न दिसणारं. डोळे इतके बारीक आणि वरच्या बाजूला की वाळूत पुरून घेतलं तरी तेवढे बाहेर राहतात. तोंड खालच्या अंगाला, म्हणजे पुढे घुसताना जबड्यात माती जात नाही. शिकार करायची पद्धत पण तशीच. अंग सगळं जमिनीखाली, उंदीर डोक्यावरून चालला की खालून झडप! हा प्राणी दोन सेंटिमीटर भुशावर ठेवणं म्हणजे आपल्याला बाथरूमला दार नसलेल्या फ्लॅटमध्ये राहायला लावण्यासारखं आहे.

त्यामुळे पहिला नियम खोलीचा. किमान दहा सेंटिमीटर जाड थर, मोठ्या मादीसाठी पंधरा असला तर उत्तम. ती शिरली की पूर्ण झाकली गेली पाहिजे आणि वर उंचवटाही दिसता कामा नये.

आता इथेच खरी पंचाईत होते. लोक साप आणतात तो बघायला आणि दाखवायला. आणि तुम्ही अंथरूण जितकं चांगलं कराल, तितका साप कमी दिसणार! आईने व्हिडिओ कॉलवर पहिल्यांदा पेटी बघितली तेव्हाचा संवाद:

‘अगं, साप कुठाय? मला नुसता भुसा दिसतोय.’

‘आत आहे आई.’

‘मग तू पैसे सापाचे दिलेस का भुशाचे?’

प्रश्न अगदी रास्त आहे. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने याचं उत्तर वेगळं काढलं होतं. वीकेंडला घरी पार्ट्या व्हायच्या, लोकांना साप दिसला पाहिजे, म्हणून त्याने पेटीत फक्त बोटभर निळी वाळू घातली होती. निळी! टीव्हीमागच्या लाइटशी मॅचिंग. साप चोवीस तास उघड्यावर. काही आठवड्यांत त्याने खाणं सोडलं. रात्रभर काचेच्या कोपऱ्यात नाक घासत राहायचा, इतका की नाकावरचं खवलं सोलवटलं. ‘साप बोअर झालाय’ असं त्याचं निदान होतं. मी आणि आणखी एका मैत्रिणीने मिळून ती वाळू काढली आणि चार बोटं उंच अ‍ॅस्पनचा भुसा भरला. साप मिनिटभरात गडप झाला. तिसऱ्या आठवड्यात त्याने उंदीर घेतला. नाकाची जखम भरायला दोन कातींचा काळ गेला. औषध असं काही लागलंच नाही, फक्त लपायला जागा लागली.

आपल्याकडे नागपंचमीला जमीन नांगरत नाहीत, खणत नाहीत. जमिनीखाली जो राहतो त्याला त्या दिवशी तरी शांतता मिळावी म्हणून. चकलीला वर्षाचे तीनशे दिवस नागपंचमीच हवी असते. ती दिसते ती रात्री दहानंतर, तेही भुशातून अर्धं डोकं बाहेर आणि दोन मणी चमकताना. मला विचाराल तर तेवढं दर्शन पुष्कळ झालं. रोज सगळ्या अंगानिशी बघायचा असेल तर कॉर्न स्नेक घ्या, तो बिचारा दिसतो तरी.

भुसा, पण कुठला?

अ‍ॅस्पन हे इथलं एक रुंद पानांचं झाड, पॉप्लरच्या कुळातलं. काडेपेटीच्या काड्या ज्या जातीच्या लाकडाच्या करतात, तेच. याचा किसलेला भुसा मऊ, हलका, जवळजवळ बिनवासाचा असतो, आणि त्याची सगळ्यात मोठी गंमत म्हणजे त्यात बोगदा टिकतो. हाताने जरा दाबून भरला की भुशाचे तुकडे एकमेकांत अडकतात. चकली एका टोकाकडून शिरते, दुसऱ्या टोकाला निघते, आणि मागे तिचा रस्ता तसाच उघडा राहतो. दुसऱ्या दिवशी ती त्याच रस्त्याने जाते. मी पेटीच्या काचेतून तिचं ते मेट्रोचं जाळं बघत बसते. (पुण्याच्या मेट्रोपेक्षा लवकर झालं, हे सांगायलाच हवं.) नुकता साप आणलेल्या माणसाला माझा सल्ला सरळ आहे. डोकं चालवू नका, अ‍ॅस्पन घ्या.

त्याचा दुर्गुण एकच. पाणी. भुसा ओला झाला की तीन-चार दिवसांत बुरशी धरतो. ओल्या अंथरुणात पडून राहिलेल्या सापाच्या पोटाखालच्या खवल्यांवर फोड येतात, त्याचं पुढे इन्फेक्शन होतं, श्वासाचेही त्रास सुरू होतात. त्यामुळे पाण्याचं भांडं लहान, जड आणि थंड कोपऱ्यात. ओला भुसा दिसला की ओंजळभर काढून टाकायचा, ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही.

अ‍ॅस्पनच्या शेजारच्याच रॅकवर सीडरचा भुसा असतो, आणि तो मस्त सुगंधी असतो. तोच तर घोळ आहे! अमेरिकेत सीडर म्हणून जे लाकूड मिळतं ते बहुतेक वेळा खरं तर ज्युनिपरचं. कपाटातल्या लोकरीच्या कपड्यांना कसर लागू नये म्हणून इथे हेच लाकूड ठेवतात. जो वास किड्यांना पळवून लावतो, त्याच वासात नाक खुपसून एका प्राण्याने चोवीस तास राहायचं? त्या सुगंधी तेलांचा श्वसनमार्गाला आणि यकृताला त्रास होतो, आणि जमिनीत राहणाऱ्या सापाला त्या वासापासून बाजूला सरकायलाही जागा नसते. सीडर अजिबात नाही. पाइनबद्दल लोकांत दोन मतं आहेत. भट्टीत वाळवलेल्या पाइनमधली तेलं बरीच उडून जातात, म्हणून काही जण तो वापरतात. पण अ‍ॅस्पन त्याच रॅकवर मिळत असताना हा वाद घालत बसायची मला तरी हौस नाही.

मक्याच्या कणसाचा चुरा आणि अक्रोडाच्या कवचांचा चुरा, दोन्ही विसरा. पहिला ओलसर झाला की सडतो, दुसऱ्याला धारदार कडा असतात. तो हिरवा गालिचा घोरपडीच्या भावंडांसाठी ठीक असेल नसेल, पण त्यात खोदणार कसं? आपण टाइल्सवर आंबा लावत नाही, तसंच आहे ते.

रंगीत वाळूचं गाजर

त्या निळ्या वाळूकडे परत येते, कारण तिच्या पिशवीवर लिहिलेलं वाचून भले भले फसतात. ही साधी वाळू नसते, ती असते कॅल्शियम कार्बोनेट. म्हणजे चुनखडीच. बारीक दळलेली, रंगवलेली. जाहिरातीचा मुद्दा असा की ‘प्राण्याने चुकून खाल्ली तरी पचते, वर कॅल्शियमही मिळतं’. ऐकायला झकास! पण ओल लागली की तिचे गोळे होतात, आणि तेच गोळे पोटात झाले तर आतडं तुंबतं. पाळीव सरड्यांमध्ये हे पुरेसं बघायला मिळालेलं आहे. त्यातून मुळात सापाला ही सोय हवीच कशाला? तो अख्खा उंदीर हाडांसकट गिळतो. त्याला कॅल्शियमची कमतरता आहे असं कुणी म्हणत असेल, तर तो माणूस तुम्हाला रंग विकतोय.

मग साध्या वाळूचं काय?

नावातच ‘सँड’ आहे ना! साहजिक प्रश्न आहे. मुलांच्या खेळण्याच्या खड्ड्यात घालायची धुतलेली वाळू इथे हार्डवेअरच्या दुकानात ५० पौंडांच्या (साधारण २३ किलोंच्या) पोत्यात मिळते आणि अगदी स्वस्त पडते. तिच्याबद्दल मात्र एक मोठी दहशत आहे. ‘वाळू ठेवली की साप मेलाच’, अशी. मला यातलं बरंच काही साप साप म्हणून भुई धोपटण्यातलं वाटतं. वर सांगितलं तसं, या सापाचं तोंडच वाळू आत जाऊ नये असं बनलेलं आहे. थोडीफार गेली तरी ज्याला नीट ऊब आणि पाणी मिळतंय असा तब्येतीचा साप ती शी करताना बाहेर टाकतो. वर्षानुवर्षं वाळूवर सँड बोआ ठेवणारी माणसं आहेत.

माझा आक्षेप वेगळा आहे, आणि तो गणिताचा आहे. पेटीचा तळ समजा ९० बाय ४५ सेंटिमीटर. दहा सेंटिमीटर थर म्हणजे साधारण ४० लिटर. कोरडी वाळू लिटरला दीड किलोच्या वरच भरते. म्हणजे झाले ६०-६५ किलो! एका माणसाचं वजन. तुमचं ते चार स्क्रूंवर जोडलेलं टेबल आधी कोसळेल, आणि अपार्टमेंट बदलताना कोणता मित्र मदतीला येतो ते मला बघायचंय. दुसरं म्हणजे कोरड्या वाळूत बोगदा टिकत नाही. किल्ला करताना समुद्राच्या कोरड्या वाळूचं काय होतं, आठवा. साप पुढे गेला की मागे सगळं ढासळतं. त्याला लपता येतं, पण घर करता येत नाही. शिवाय बारीक वाळूची धूळ उडते, ती सापाच्याही छातीत जाते आणि तुमच्याही. आणि मुख्य म्हणजे केनियात हा साप काही वाळवंटातल्या चकचकीत टेकड्यांत राहत नाही. त्याची जमीन भुसभुशीत, वाळूमिश्रित मातीची असते, मधे दगड, गवताची मुळं, उंदरांची जुनी बिळं.

तीच जमीन घरी करायची असेल, आणि तुमच्याकडे शनिवार-रविवार मोकळा असेल, तर रेसिपी सांगते. साधी बागेची माती सहा वाट्या, धुतलेली वाळू चार वाट्या. माती घेताना पिशवीची मागची बाजू वाचायची. खत नको, शेण नको, ते पांढरे हलके दाणे, म्हणजे परलाइट, ते तर नकोच नको. दोन्ही एकत्र करून पाणी शिंपडायचं. मूठ वळली तर वळावी पण पाणी सुटू नये, आपण लाडवाचं मिश्रण बघतो तसं. थर दाबून बसवायचा आणि आठवडाभर उघडा ठेवून वरून पूर्ण वाळू द्यायचा. माती धरून ठेवते, वाळू मोकळं ठेवते, आणि बोगदे अ‍ॅस्पनइतकेच छान टिकतात. तळाशी किंचित ओल राहते, वर कोरडं. साप आपल्याला हवी ती मजली निवडतो. यात स्प्रिंगटेल नावाचे अगदी सूक्ष्म कीटक आणि दगडाखाली सापडतात तसले आयसोपॉड सोडले, तर ते शीचा बंदोबस्त बऱ्यापैकी करतात. याला इथे ‘बायोअ‍ॅक्टिव्ह’ म्हणतात आणि त्याची सध्या फार फॅशन आहे. कोरड्या हवामानाच्या पेटीत ते किडे जगवायला मात्र एक कोपरा सतत जरासा ओला ठेवावा लागतो. ज्यांच्याकडून मनी प्लँट मरतो त्यांनी या भानगडीत पडू नये.

खालून तापलेली गादी

आता जे सांगणार आहे ते नीट वाचा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

सापाला स्वतःच्या अंगची ऊब नसते, ती बाहेरून घ्यावी लागते. सँड बोआला पेटीची एक बाजू ३२ ते ३५ अंश आणि दुसरी २५-२६ अंश अशी लागते. ही ऊब द्यायला बहुतेक जण पेटीच्या काचेखाली चिकटवायचं हीट मॅट घेतात. स्वस्त, सुटसुटीत. फरशीवर राहणाऱ्या सापाला ठीकही आहे. पण तुम्ही त्यावर दहा सेंटिमीटर भुसा घातलात की काय होतं? भुसा ही उत्तम गोधडी आहे. खालची उष्णता वर येतच नाही, तळाच्या काचेवर साठत राहते. तुम्ही वर थर्मामीटर बघता. २७ अंश. ‘कमी आहे’ म्हणून मॅट आणखी वाढवता. खाली काच तोवर ४५-५० च्या पुढे गेलेली असते. आणि तुमचा साप कुठे आहे? तळाशी!

बरं, त्याला चटका बसतोय हे कळून तो बाजूला होईल, असं आपल्याला वाटतं. तसं होईलच असं नाही. साप गरम पृष्ठभागावर भाजेपर्यंत पडून राहतात. पोटाखाली भाजलेले साप हा सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेहमी येणारा प्रकार आहे. त्यातून हा साप निसर्गाने उलटं शिकवलेला आहे. केनियातलं ऊन वरून येतं. गरम झालं की खाली जायचं, खाली थंड असतं. तुमच्या पेटीत तो ‘गार व्हायला’ म्हणून खाली जातो आणि सरळ तव्यावर पोचतो.

म्हणून मी ऊब वरून देते. जाळीच्या झाकणाबाहेर हॅलोजनचा दिवा, रात्री प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर, दोन्ही थर्मोस्टॅटवर. अंथरुणाचा वरचा थर तापतो, खाली उतरत जाल तसं गार होत जातं. सापाला जन्मतः माहीत असलेला नकाशा तसाच्या तसा मिळतो. दिवा आणि भुसा यांच्यात भरपूर अंतर ठेवायचं, लाकूड आहे शेवटी. काही कारणाने मॅटच वापरायचं असेल तर थर्मोस्टॅट हवाच हवा. त्याचा सेन्सर वर लटकवायचा नाही, सापाचं पोट जिथे टेकणार त्या तळाच्या काचेवर, मॅटच्या बरोबर वर बसवायचा, आणि ३३-३४ च्या पुढे जाऊ द्यायचं नाही. थर्मोस्टॅटला पैसे पडतात. पण पेटी, झाड, प्लॅस्टिकची कवटी असली सजावट घेणाऱ्यांनी थर्मोस्टॅटला ‘महाग आहे’ म्हणू नये.

जेवण, पाणी आणि घसरणारे दगड

चकलीला फ्रोझन उंदीर मिळतो, कोमट पाण्यात वितळवलेला. (नागपंचमीला आईचा मेसेज येतो, ‘दूध दिलंस का?’ साप दूध पीत नाहीत, हे मी दरवर्षी लिहिते. ती दरवर्षी विचारते.) वितळवलेला उंदीर ओला असतो आणि ओल्या अंगाला भुसा चिकटतो. तो टिश्यूने कोरडा करायचा आणि चिमट्याने धरून एखाद्या सपाट टाइलवर द्यायचा. ती खालून येऊन असा हिसका मारते की दोन काड्या भुसा तोंडात जातोच. त्याने काही होत नाही. मूठभर गेला तर काळजी.

दगड, लाकडाचा ओंडका, पाण्याचं जड भांडं, या सगळ्याचा पाया थेट पेटीच्या काचेवर हवा, भुशावर नाही. खोदणारा साप त्याखालून बोगदा काढतो, आणि वरचा दगड त्याच्याच अंगावर बसतो. दोन किलोचा दगड दीड फुटाच्या सापाचं काय करेल, हे सांगायला नको. आधी दगड ठेवा, मग सभोवार अंथरूण भरा. उलटं करू नका.

शिकागोत जानेवारीत बाहेर उणे पंधरा आणि घरात हीटिंग चालू. हवा इतकी कोरडी की माझेच ओठ फुटतात. अशात कात टाकायची वेळ आली तर ती तुकड्यातुकड्यांत निघते आणि डोळ्यांवरची पापुद्री चिकटून राहते. म्हणून काही सगळं अंथरूण ओलं करायचं नाही. झाकणाला भोक पाडलेला प्लॅस्टिकचा डबा घ्यायचा, आत ओलसर मॉस भरायचं, आणि डोळे दुधाळ दिसायला लागले की तो पेटीत ठेवायचा. ती आपणहून जाऊन बसते. काम झालं की डबा बाहेर.

स्वच्छतेचं वेळापत्रक फार मोठं नाही. शी आणि पांढरा खडूसारखा भाग दिसला की आजूबाजूच्या भुशासकट काढायचा. दोन-तीन महिन्यांनी अख्खा भुसा बदलायचा, त्यातला दोन मुठी जुना स्वच्छ भुसा नव्यात मिसळायचा म्हणजे तिला तिचा वास सापडतो. नवीन साप आणला की मात्र पहिला महिनाभर भुसा नको, कागद. पांढऱ्या कागदावर गोचिडीसारखे बारीक काळे ठिपके लगेच दिसतात, शी नीट तपासता येते. पण इथेही सपाट एकच कागद पसरू नका. वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापून ढीग करा, म्हणजे त्याला त्यात शिरता येईल. रद्दीचा इतका उपयोग दुसरा नाही.

सगळे खोदणारे एका माळेचे मणी नव्हेत

‘जमिनीत राहतो ना, मग अ‍ॅस्पन’ असं म्हणून मोकळं होता येत नाही. वेस्टर्न हॉगनोज हा अमेरिकेच्या गवताळ मैदानांतला साप, वर वळलेल्या नाकाने फावड्यासारखं खोदणारा. त्याला अ‍ॅस्पन मस्त चालतो. पण आग्नेय आशियातला सनबीम स्नेक घ्या. काळा, आणि उजेड पडला की अंगावर तेलाच्या तवंगासारखे सगळे रंग. तोही जमिनीखालीच राहतो, मात्र भातखाचराच्या चिखलट, दमट मातीत. त्याला कोरड्या भुशात ठेवलंत तर तो वाळून जाईल. त्याला हवी दमट माती, पालापाचोळा आणि कोकोपीट. इथल्या दुकानात हे कोकोपीट विटेच्या आकारात मिळतं आणि कित्येकदा मागे ‘भारत’ किंवा ‘श्रीलंका’ असं छापलेलं असतं. नारळाचा चोथा असा सातासमुद्रापार सापाखाली येऊन पडतो! चकलीच्या पेटीत मात्र तो एकटा वापरत नाही. ओला ठेवला तर तिला नको तितका दमट, सुकू दिला तर नुसती धूळ.

तेव्हा साप कुठल्या मातीतून आला ते आधी शोधा. पिशवी नंतर.

आणि आपल्याकडे?

हे वाचून पुण्या-मुंबईत कुणी उत्साहाने उठलं असेल, तर खाली बसा. चकलीचे दोन सख्खे चुलत भाऊ महाराष्ट्रातच आहेत. मांडूळ आणि दुरक्या घोणस. दोघेही एरिक्स याच वंशाचे, दोघेही बिनविषारी, दोघेही भुसभुशीत शेतजमिनीत राहून उंदीर खाणारे. आणि दोघांनाही घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. मांडुळाची तर दैनाच. शेपूट तोंडासारखी दिसते म्हणून तो ‘दुतोंड्या’, आणि दुतोंड्या घरात असला की पैशाचा पाऊस पडतो ही अंधश्रद्धा. त्यापायी तो पोत्यात आणि बादलीत कोंबून लाखांच्या बाता मारत विकला जातो, आणि पेपरात ‘मांडुळाची तस्करी, चौघे अटकेत’ अशी बातमी आपण वाचतो. त्या बादलीत त्याच्यासाठी काय अंथरलेलं असतं, हे बातमीत कधी नसतं.

परदेशी साप? केनियन सँड बोआ हा साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो. २०२२ ची कायदादुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनंतर अशा प्राण्यांची सरकारकडे नोंदणी बंधनकारक आहे. ‘कागदपत्रं नंतर देतो’ म्हणणारा विक्रेता भेटला तर त्याला नंतरही भेटू नका.

तुमच्या गॅलरीत मात्र एक खोदणारा साप कदाचित आधीच राहायला आलेला असेल. कुंडीची माती उकरताना गांडुळासारखं काहीतरी वळवळलं, पण अंगावर वळ्या नाहीत, चकचकीत आहे आणि चपळाईने पळतंय, तर तो वाळा. जेमतेम वीतभर लांब, डोळ्यांच्या जागी दोन टिंबं, पूर्ण बिनविषारी. मुंग्यांची आणि वाळवीची अंडी-पिल्लं खातो. यांच्यात नर सापडलेलाच नाही, सगळ्या माद्या, आणि नराशिवायच प्रजा वाढवतात. कुंड्यांच्या मातीतून प्रवास करत हा साप जगभर पोचलाय, म्हणून इंग्रजीत त्याचं नावच ‘फ्लॉवरपॉट स्नेक’. त्याला पकडू नका, मारू नका, बाटलीत भरू नका. त्याने स्वतःला हवी ती माती आधीच निवडलेली आहे. वरून तेवढी तुळशीला घालतो तशी पाण्याची धार धरा आणि माती परत लोटून द्या.